टॉवेलाच्या खुणा

गुरुवार, ५ जानेवारी

आज घरात आलेलं: टॉवेल पांढरे, जाड, बारा नग, कॉलेजाकडून, फुकट. बटाटे पाच किलो, बावीस. धुण्याचा साबण चार वड्या, अठरा. भिंतीवरचं घड्याळ एक, सत्काराचं, तेही फुकट. पण त्याला सेल लागतात, त्याचे सहा.

‘फुकट’ असं लिहिलं खरं, पण फुकट या जगात काही नसतं. आमचे हे कॉलेजात मुलींच्या बास्केटबॉल संघाचे प्रशिक्षक. सामना सुरू झाला की टॉवेलाचं टोक दातांत धरतात आणि संपेपर्यंत चावतात. सगळं गाव यांना ‘टॉवेलसर’ म्हणतं. सव्वीस वर्षांत यांनी चषक किती आणले ते वर्तमानपत्रवाले सांगतील. टॉवेल किती खाल्ले ते मला विचारा. कॉलेज टॉवेल देतं, साबण देत नाही.

चषकांना कॉलेजाच्या कपाटात जागा उरली नाही तेव्हापासून ते घरी यायला लागले. एकात बटणं आहेत, एकात साबणाचे तुकडे, आणि दोन कानांच्या सगळ्यात मोठ्या चषकात बटाटे. प्राचार्य एकदा चहाला आले आणि “वा, काय हे वैभव!” म्हणत त्यांनी नेमका त्याच चषकात हात घातला. बटाट्याला तेव्हा मोड आले होते.

घड्याळं मात्र डोक्याला ताप. आजचं धरून अकरा झाली. अकराही वेगवेगळी वेळ सांगतात. मी औषधवाल्याच्या दुकानातलं बघून येते.

मार्चअखेर हे निवृत्त होणार. आता हा शेवटचा हंगाम. देवा, नीट पार पडू दे.

रविवार, ८ जानेवारी

दर रविवारी प्रार्थना आटोपली की मी औषधवाल्याकडे जाते, तीन मिनिटांचे पैसे त्याच्या काउंटरवर ठेवते आणि लेकीला फोन लावते. लेक दुसऱ्या शहरातल्या कॉलेजात मुलींच्या संघाची प्रशिक्षक आहे. म्हणजे धंदा बापाचाच, दुकान समोर. आम्ही तिला बुटकी म्हणतो. उंची माझी घेतली आणि हट्ट बापाचा. उलटं घेतलं असतं तर सगळेच सुखात राहिलो असतो.

“सर जेवतात का वेळेवर?” तिनं विचारलं.

“सर कॉलेजात असतात. माझ्या घरात तुझा बाप असतो. त्याचं विचारायचं असेल तर विचार.”

“आई, मिनिट चाललंय.”

हे दोघं पाच वर्षं बोललेले नाहीत. तेव्हा बुटकी यांच्याच संघाची कप्तान होती. अंतिम सामन्यात शेवटची दोन मिनिटं उरलेली, हिच्या हातून एक चेंडू सुटला, आणि यांनी हिला खेळातून काढून बाकावर बसवलं. संघ जिंकला. घरी आल्यावर तिनं विचारलं, “दुसऱ्या कुणाची मुलगी असते तर बसवलं असतंत?”

हे म्हणाले, “दुसऱ्या कुणाची असतीस तर नसतं बसवलं.”

एवढं खरं बोलायची काही गरज होती का? नवरा खोटं बोलला तर भांडता तरी येतं. नको तिथे खरं बोलणाऱ्याचं काय करायचं? लोक कुजबुजायचे, ‘सरांची मुलगी म्हणून खेळते.’ त्या लोकांना गप्प करायला यांनी पोरीला बसवलं. लोक गप्प झाले. पोरही झाली. दुसऱ्या दिवशी पिशवी भरून निघून गेली.

देवाकडे माझं मागणं एकच आहे. या दोघांनी एका टेबलाशी बसून जेवावं. चषक कुणालाही दे. आमच्याकडे बटाट्यांना पुरेसे आहेत.

बुधवार, ११ जानेवारी

धुतलेले टॉवेल कपाटात ठेवायला खोलीत गेले तर हे आरशासमोर उभे. टॉवेल डोक्यावर टाकला आणि म्हणाले, “भिंत.” मग डाव्या खांद्यावर टाकला, “पळ.” मग गळ्याभोवती गुंडाळला, “सापळा.” पुन्हा पहिल्यापासून. मी दारात उभी राहून बघत होते.

“अहो, आंघोळीला पाणी काढू का?”

दचकले. “तुला यातलं काही कळत नाही.”

“म्हणून तर विचारते.”

“उद्या मुलींना शिकवायचंय. चुकता कामा नये. जा तू.”

मुलींना डोक्यावरून टॉवेल घ्यायला शिकवणार? त्या काय न्हाणीघरात खेळणार आहेत? मला वाटतं निवृत्तीची धास्ती घेतलीय यांनी. शेजारच्या पोस्टमास्तरांनी निवृत्त झाल्यावर घरातल्या सगळ्या उशांवर शिक्के मारले होते. देवा, यांचं डोकं शाबूत ठेव. फार वापरात नसलं तरी असू दे.

रविवार, १५ जानेवारी

मन हलकं करायला लेकीशिवाय कोण आहे? फोन लागल्या लागल्या सांगितलं, “बुटके, तुझ्या बापाचं काही खरं नाही. आरशाशी बोलतात. डोक्यावर टॉवेल घेऊन ‘भिंत’ म्हणतात, डाव्या खांद्यावर टाकून ‘पळ’ म्हणतात...”

“आई.”

“गळ्यात गुंडाळला की ‘सापळा’! सांग आता, सापळा कसला? घरात उंदीरसुद्धा नाही.”

“आई! गप्प बस. पुढे एक अक्षर बोलू नकोस.”

“अगं, डॉक्टरला दाखवावं का, एवढंच विचारते.”

“त्यांना काहीही झालेलं नाही. तू हे मला सांगायला नको होतंस.”

“का? बाप नाही का तुझा?”

फोन ठेवला तिनं. एक अख्खं मिनिट शिल्लक होतं! मी औषधवाल्याला म्हटलं, राहिलेल्या मिनिटाचे परत द्या. तो म्हणाला, “बाई, बोललेले शब्द आणि न बोललेली मिनिटं परत मिळत नसतात.” आणि खोकल्याची गोळी हातावर ठेवली. गोळीची किंमत मिनिटाच्या निम्मीसुद्धा नाही.

मंगळवार, १७ जानेवारी

यांचा संघ अंतिम फेरीत पोचला. आणि समोर कोण? बुटकीचा संघ.

यांनी बातमी सांगितली ती बटाटे सोलता सोलता. बटाटे हे कधी सोलत नाहीत. आठ बटाटे सोलले, सालीबरोबर निम्मे बटाटे गेले, तरी मी सुरी काढून घेतली नाही.

“तिचे डाव चांगले आहेत,” हे म्हणाले. “माझेच आहेत.”

आता मी कुणासाठी प्रार्थना करू? नवऱ्यासाठी केली तर लेक हरते, लेकीसाठी केली तर नवऱ्याचा शेवट वाईट होतो. संध्याकाळी औषधवाल्याला विचारलं, सामना बरोबरीत सुटावा म्हणून काही मागता येईल का? तो म्हणाला, “बास्केटबॉलमध्ये बरोबरी नसते, बाई. जादा वेळ देतात आणि एकाला हरवूनच सोडतात.” ज्यानं हा खेळ काढला त्याला लेक नसावी.

शेवटी देवाला सांगितलं, तुझं तू ठरव. माझ्याकडून एवढंच: हे दोघं एका टेबलाशी बसेपर्यंत मी चहात साखर घालणार नाही. यात घरचीही साखर वाचते हे देवाला कळत असणार, पण तोही इतकी वर्षं मला ओळखतो.

रविवार, २२ जानेवारी

बुटकी आज नुसती हवापाण्याचं बोलली. तिथे थंडी आहे. इथेही आहे. हे कळायला पैसे मोजायचे?

मग एकदम म्हणाली, “आई, सरांना एक निरोप दे. म्हणावं, टॉवेल बदला.”

“स्वच्छ असतात गं. मी स्वतः उकळत्या पाण्यात...”

“तेवढंच सांग. टॉवेल बदला, नाहीतर ठेवूनच द्या. आणि तू मला काही सांगितलंस हे मात्र बोलू नकोस, उगाच तुला बोलतील.”

मी कुठे काय सांगितलं? पण लेकीनं इतक्या वर्षांनी बापाला पहिला निरोप दिला, म्हणून मी धावत घरी आले आणि चपला न काढताच सांगितला.

हे लालबुंद झाले. “सव्वीस वर्षं हा टॉवेल माझ्या खांद्यावर आहे. आता कालची पोर माझी चेष्टा करणार? तिला म्हणावं, तू तुझं बघ.”

पाच वर्षांतलं पहिलं बोलणं आणि तेही टॉवेलावरून भांडण. तरी मी देवाचे आभार मानले. भांडले म्हणजे बोलले तर खरं. पण यावर साखर सुरू करायची का? विचार करून नाही म्हटलं. देवाला असं गुंडाळणं बरं नव्हे.

शनिवार, २८ जानेवारी

आज सामन्याला गेले होते.

लग्न झाल्यावर पहिल्याच महिन्यात एकदा गेले होते, तेव्हा यांचा संघ हरला, आणि सासूबाई म्हणाल्या, “पांढऱ्या पायाची आली.” तेव्हापासून कधी गेले नाही. घरी बसून माळ ओढायची. पण आज विचार केला, दोघांपैकी एक हरणारच आहे, त्यात माझ्या पायाचा दोष कसा काढणार? शिवाय प्रवेशिका फुकट होती.

खेळ मला समजला तो असा: दहा धडधाकट मुली एका चेंडूसाठी जिवावर उठतात. टोपलीला बूड नाही, त्यामुळे टाकलेलं काही तिथे राहत नाही. आणि जो माणूस सतत शिट्टी वाजवतो त्याच्यावर दोन्हीकडचे चिडलेले असतात. आमच्या घरासारखंच.

बुटकी आली. आपल्याच मुलींच्या खांद्याला लागत नव्हती, पण सगळ्या तिच्यामागे चालत होत्या. जरा वाळलीय. दोन्ही संघांची बाकं एकाच बाजूला होती, मधे गुण लिहिणाऱ्यांचं टेबल. म्हणजे मान वळवली की बाप दिसला असता. तर या मुलीनं काय करावं? शिट्टी व्हायच्या आत उठली, आपली खुर्ची उचलली, बापाकडे पाठ करून मांडली, आणि झापड लावलेल्या घोड्यासारखी गालाशी फाइल धरून बसली. शेवटपर्यंत! बापाच्या बाजूच्या टोपलीशी काय चाललंय हे तिला दिसतच नव्हतं. आपल्या मदतनीस मुलीला विचारत होती, “काय झालं? कुणी टाकला?”

माझ्या मागचा माणूस म्हणाला, “ही कसली प्रशिक्षक? निम्मं मैदान तर बघतच नाही.”

मी वळून म्हटलं, “मान धरली असेल तिची, थंडीनं. तुमची कधी धरली नाही का?”

“तुमची कोण लागते?”

“दोघंही लागतात,” मी म्हटलं.

इकडे यांचं टॉवेलाचं सुरूच. डोक्यावर घेतला की यांच्या मुली टोपलीपुढे हात पसरून उभ्या राहत. खांद्यावर टाकला की धूम पळत. मला तर आरशासमोरचं सगळं पाठ होतं, मी आधीच बोलत होते, “आता पळणार बघा!” मागचा माणूस थक्क. “बाई, तुम्हाला खेळातलं फार कळतं हो.” मी म्हटलं, मॅट्रिक आहे मी.

शेवटी बुटकीचा संघ एका गुणानं पुढे होता आणि चेंडू तिच्याच उंच मुलीच्या हातात. यांनी टॉवेल गळ्याभोवती गुंडाळला. माझ्या तोंडून निघालं, “सापळा.” दोन मुलींनी त्या उंच मुलीला कोपऱ्यात गाठलं, चेंडू हिसकावला, टाकला. यांचा संघ जिंकला.

बुटकी उठली. तिनं पंचांशी हात मिळवला, छोट्या सरांशी मिळवला, म्हणजे यांच्या मदतनिसाशी. मग बापापुढे हात केला, पण नजर खाली, बुटांवर. हे काही बोलायच्या आत निघून गेली. मी तिच्यासाठी उकडलेली अंडी नेली होती. धावत दारापर्यंत गेले तर त्यांची बस वळणावर दिसेनाशी होत होती. अंडी मागच्या माणसानं खाल्ली.

घरी येताना चषक यांच्या मांडीवर आणि चेहरा हरल्यासारखा.

“अहो, जिंकलात ना?”

“एकदाही बघितलं नाही माझ्याकडे,” हे म्हणाले. “शत्रूसुद्धा बघतो गं.”

रविवार, २९ जानेवारी

सकाळी प्राचार्य आले. फुलं, भाषण आणि घड्याळ. बारावं. म्हणाले, “सरांनी आमच्या कॉलेजाला वेळेचं मोल शिकवलं.” त्या वेळी भिंतीवर एकाच वेळी आठ, अकरा आणि सव्वादोन वाजत होते.

ते गेल्यावर हे तसेच बसून राहिले. मी म्हटलं, “तिचं मनावर घेऊ नका. मान धरली असणार. मी मलम पाठवते.”

“मान धरलेली नाही. मला पाठ दाखवायची होती तिला.”

“तसंही असेल. मी तुमच्या त्या तऱ्हा सांगितल्या तेव्हापासून माझ्याशीही कुठे धड बोलतेय?”

“कसल्या तऱ्हा?”

“आरशासमोरच्या. भिंत, पळ, सापळा. मला काळजी वाटली म्हणून फोनवर सांगितलं तिला.”

हे उभे राहिले. “कधी?”

“दोन रविवार झाले. अहो, असं काय बघता?”

“आणि ‘टॉवेल बदला’ हा निरोप?”

“तो नंतरचा. त्यानंतरच्या रविवारी.”

हे खाली बसले. खुर्ची होती म्हणून बरं, नाहीतर जमिनीवरच बसले असते. म्हणाले, “खुणा होत्या त्या. तिला माझ्या जुन्या ठाऊक म्हणून नव्या केल्या होत्या. म्हणजे काल तिला सगळ्या ठाऊक होत्या. नुसती मान वळवली असती तर मी हरलो असतो.”

म्हणजे मी नवऱ्याचं घर लेकीला उघडून दिलं होतं! “मग वळवली का नाही तिनं?”

हे माझ्याकडे बघत राहिले. “तुझी मुलगी आहे ना, म्हणून.”

एरवी काही चुकलं की ती माझी मुलगी असते. आज काय चुकलं ते मला अजून समजलेलं नाही. मला विचाराल तर समोर आयतं दिसतंय तर बघावं. फुकटचं कुणी सोडतं का? पण संध्याकाळी दिवा लावताना उगाचच भरून आलं.

यांनी सामना नसताना टॉवेल मागितला. चावला नाही. नुसतं तोंड पुसत बसले, किती तरी वेळ.

सोमवार, ३० जानेवारी

आज हे स्वतः औषधवाल्याकडे फोन करायला गेले. जन्मात पहिल्यांदा. मीही मागोमाग गेले, पैसे मोजायला कुणीतरी हवं. औषधवाल्यानं आधी विचारलं, “सर, तब्येत बरी आहे ना?”

फोन लागला. तिकडून कुणीतरी सांगितलं, हरल्यावर संघाला आठवड्याची सुट्टी दिलीय, त्या कुठे गेल्या माहीत नाही, टपाल मात्र खोलीवर पोचतं. यांनी “बरं” म्हटलं आणि रिकामा फोन कानाला धरून उभे राहिले, तीन मिनिटं होईपर्यंत. खोकल्याची गोळी यांनाही मिळाली.

घरी आल्यावर म्हणाले, “परवाचा टॉवेल कुठाय? तिला पाठवायचाय. धुवू नकोस.”

“चावलेला टॉवेल टपालानं? काही लाज?”

मी धुतला. पुडकं, दोरा, तिकिटं मिळून चौदा. जुना टॉवेल, नवा खर्च. पण आज मी घासाघीस केली नाही.

सोबत कार्ड टाकलं. त्याची नक्कल इथे ठेवते:

‘बुटकीस अनेक आशीर्वाद. पुडक्यात टॉवेल एक, धुतलेला. का पाठवलाय ते मला विचारू नकोस, मला नीट सांगितलेलं नाही. आत मलमाची डबी आहे, मानेला लाव. पाठ करून बसलीस ते मला आवडलं नव्हतं, पण तुझ्या बापाला आता आवडलेलं दिसतं, तेव्हा मी काय बोलणार. फोनवर मी जे बोलले त्यात माझं चुकलं म्हणतात. असेल. तुम्ही दोघं एकमेकांशी बोलत असतात तर मला मधे बोलावं लागलं नसतं. बटाट्याचा चषक रिकामा करून ठेवलाय, तू आलीस की तुला द्यायला. बारावं घड्याळ तुझ्या खोलीत लावलंय. खाली कोपऱ्यात त्यांनी स्वतः लिहिलंय. आधी “सर” असं लिहून खोडलं, म्हणून एवढी जागा वाया गेली.’

खाली यांच्या अक्षरात: ‘जुन्या खुणा सगळ्या तुझ्या. नव्या बनवतोय. शिकायला ये. बाबा.’

आणि उरलेल्या बोटभर जागेत मी: ‘तू येईपर्यंत माझ्या चहात साखर नाही, आणि बिनसाखरेचा चहा आता घशाखाली उतरत नाही. कधी येतेस ते उलट टपाली कळव.’